टाकीतलं पाणी कुठलं?

ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडला की निवट्या बिळांतून वर येतात. बोटभर-वीतभर लांबीचा हा मासा. डोळे थेट माथ्यावर, एकमेकांना लागून. ते कोरडे पडायला लागले की निवटी ते खालच्या खोबणीत ओढून घेते आणि ओले करून पुन्हा वर काढते. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून आणलेलं असतं, शिवाय ओल्या कातडीतूनही श्वास चालू राहतो. छातीच्या दोन परांवर रेटा देत ती पुढे सरकते आणि तोंड डावीउजवीकडे फिरवत चिखलावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडून खाते. मधेच एखादा नर शेपटीच्या झटक्यासरशी अख्खा हवेत उडतो आणि पाठीवरचा पर ताठ करून दाखवतो. शेजारचा नर हद्दीत शिरला तर दोघं तोंडं वासून समोरासमोर उभे ठाकतात. हे सगळं चालू असतं तेव्हा डोक्यावरच्या पुलावरून गाड्यांची रांग चाललेली असते, आणि त्या गाड्यांतल्या कुणालाही खाली काय चाललंय याचा पत्ता नसतो.

कोळीवाड्यांत आणि आगऱ्यांच्या गावांत निवट्यांचं कालवण आवडीने होतं. बाजारात त्या मिळतातही. पण मुंबई, ठाणे, नवी मुंबई मिळून जी कोट्यवधींची वस्ती या खाडीच्या दोन्ही काठांवर राहते, तिच्यातल्या किती मुलांनी जिवंत निवटी पाहिली असेल? पेंग्विन मात्र बहुतेकांनी पाहिले आहेत. 2016 साली दक्षिण कोरियातल्या सोलहून 8 हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेले. दुसऱ्या वर्षी थंडगार कक्षात त्यांचं दर्शन सुरू झालं आणि गर्दी लोटली. पेरू-चिलेच्या किनाऱ्यावरचा तो पक्षी मुलांना भावला यात गैर काही नाही. दुःख एवढंच, की मुलाच्या शाळेपासून तीन-चार किलोमीटरवर राहणारा प्राणी त्याला कुणी दाखवत नाही. ज्या जिवाला आपण कधी पाहिलेलंच नाही, तो नाहीसा झाला तरी आपल्याला कळत नाही.

म्हणून ऐरोलीला जायला हवं.

ऐरोलीत, दिवा कोळीवाड्याच्या बाजूला, वन विभागाच्या कांदळवन कक्षाने 2017 साली किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुरू केलं. जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेचं साहाय्य त्याला होतं. महाराष्ट्रातलं या प्रकारचं हे पहिलंच केंद्र. दालनांत राज्याच्या किनाऱ्यावरच्या जीवसृष्टीची माहिती, प्रतिकृती आणि चित्रं आहेत. खडकाळ किनारा, वाळूचा किनारा, चिखलाचा किनारा यांतला फरक मुलांना तिथे नीट समजतो. शोभिवंत सागरी माशांची पैदास करणारं एक केंद्रही राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीने तिथे उभं राहिलं. समुद्रातून मासे ओरबाडून काचेच्या टाक्यांत विकण्याऐवजी ते टाकीतच वाढवावेत, किनाऱ्यावरच्या बचत गटांना त्यातून चार पैसे मिळावेत, हा त्यामागचा विचार. पण दालनं पाहून परत फिरलात तर ऐरोली पाहिलीच नाही असं समजा. या केंद्राचं खरं दालन दाराबाहेर आहे, आणि त्याला भिंती नाहीत.

कांदळवनाच्या कडेला उभं राहिलं की आधी डोळ्यांत भरतात ती चिखलातून वर आलेली मुळं. हजारो, पेन्सिलीसारखी सरळ. ही तिवराची श्वसनमुळं. खाजणाच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच, म्हणून तिवर आपली मुळं हवेत पाठवतो. त्याचं पान उलटं करून पाहावं. खालच्या बाजूला बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. झाडाने शोषलेलं जादा मीठ तिथून बाहेर टाकलेलं असतं. कांदळाची रीत वेगळी. तो मीठ मुळांशीच अडवतो. त्याचं बी तर झाडावर असतानाच रुजतं, हिरवी लांब शेंग लोंबावी तसं लोंबत राहतं आणि वेळ आली की टोकावर खाली पडतं. ओहोटी असेल तर तिथेच चिखलात रुततं, भरती असेल तर तरंगत जाऊन दुसरा काठ धरतं. आणि पांढरी चिपी. तिची फुलं रात्री उमलतात, परागीभवनाचं काम पतंग आणि वटवाघळं करतात. 2020 साली महाराष्ट्राने या झाडाला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. आंबा राज्यवृक्ष आहे हे शाळेतल्या मुलाला पाठ असतं. चिपीचंही नाव त्याला ठाऊक असायला हवं, कारण समुद्राच्या उधाणापुढे त्याच्या शहराच्या बाजूने उभं राहणाऱ्या झाडांपैकी ते एक आहे.

याच झाडीत चिंबोऱ्या बिळं करतात, कोळंबीची पिल्लं मुळांच्या आडोशाला वाढतात, आणि महानगराच्या कुशीत असूनही सोनेरी कोल्हा इथे टिकून आहे. पलीकडच्या विक्रोळीच्या काठावर गोदरेज समूहाने राखलेलं मोठं कांदळवन आहे. तिथलं सागरी परिस्थितिकी केंद्र 1985 पासूनचं. म्हणजे खाडीच्या दोन्ही काठांवर तिच्याविषयी शिकवणारी जागा आहे, ही आपल्याकडे सहसा न घडणारी गोष्ट.

हे कांदळवन आज उभं दिसतं ते आपोआप नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाजण म्हणजे पडीक जमीन असाच हिशेब होता. भराव टाका, इमारत बांधा. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2005 मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीवर बंदी घातली, त्यांच्याभोवती 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम रोखलं आणि सरकारी जमिनीवरची कांदळवनं वन विभागाकडे सोपवायला सांगितलं. त्यातूनच पुढे 2012 साली कांदळवन कक्ष जन्माला आला. 2018 च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरचा घाला मानला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालात महाराष्ट्रातलं कांदळवनाचं क्षेत्र 324 चौरस किलोमीटर नोंदलं गेलं; 2013 च्या अहवालात ते 186 होतं. मोजणीची साधनं सुधारली, खाड्या गाळाने उथळ होत गेल्या, ही कारणं त्यात असतील. तरी न्यायालयाचा आदेश आणि त्यामागे उभी राहिलेली यंत्रणा यांचं श्रेय मान्य करायलाच हवं.

ऐरोलीच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. त्यांची वेळ घड्याळ ठरवत नाही, भरती ठरवते. पाणी पुरेसं चढलं नाही तर होडी चिखलात बसेल, आणि फार चढलं तर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांना उभं राहायला जागा उरणार नाही. हा हिशेब इथल्या कोळ्यांच्या अंगात मुरलेला आहे, म्हणूनच या सफरीत त्यांचं असणं महत्त्वाचं. एकेकाळी ज्या खाडीत पाग टाकून घर चालायचं, तिथे आता फारशी मासळी राहिली नाही. पक्षी दाखवून उत्पन्नाची एक वाट तरी मिळाली. कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजनेत राज्यभर हेच सूत्र आहे: कालवांची शेती, खेकडापालन, निसर्ग पर्यटन, आणि त्या बदल्यात गावाने कांदळवन राखायचं. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. माझ्या मते, किनाऱ्यावरच्या कुठल्याही निसर्ग केंद्राचं यश यातच जोखावं. तिथे माहिती सांगणारा माणूस त्याच किनाऱ्यावरचा आहे का, की शहरातून पाठांतर करून आलेला?

होडी खाडीच्या मध्याकडे वळली की दूरवर गुलाबी रेघ दिसते. जवळ जावं तशी ती फुटते आणि एकेक पक्षी वेगळा होतो. छोटा रोहित संख्येने जास्त, मोठा रोहित कमी. चोच उलटी करून, डोकं पाण्यात खाली घालून ते चालत राहतात. जीभ भात्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत येतं आणि चोचीच्या कडांना असलेल्या बारीक झालरीतून गाळून बाहेर जातं. छोट्या रोहितासाठी मागे उरतं ते निळं-हिरवं शैवाल. त्यातल्या रंगद्रव्यानेच पंखांना हा रंग चढतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते शिवडी आणि ठाणे खाडीत मोठ्या संख्येने येऊ लागले. हिवाळ्यात येतात, पाऊस तोंडावर आला की जातात, बरेचसे गुजरातेत. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. 2022 साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने काही पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, तेव्हा हा प्रवास नकाशावर रेघारेघांनी उमटला. जानेवारी 2019 च्या मोजणीत सोसायटीने सव्वा लाखाच्या आसपास रोहित नोंदवले होते.

या पक्ष्यांनीच खाडीला कायद्याचं कवच मिळवून दिलं. 2015 साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 1690 हेक्टर, त्यातलं 896 हेक्टर कांदळवन आणि 794 हेक्टर पाणी. ऑगस्ट 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा जाहीर झाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचं हे राज्यातलं तिसरं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इतके रोहित इथे का येतात, याचं अभ्यासकांना सर्वांत संभाव्य वाटणारं एक कारण सुखावणारं नाही. शहरांचं सांडपाणी खाडीत येतं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल माजतं आणि शैवालावर रोहित जगतात. जिथे पक्ष्याला सुकाळ, तिथेच माशाला दुष्काळ. ठाण्याकडे खाडी अरुंद होत जाते, उल्हास नदीशी तिची नाळ बारीक आहे, त्यामुळे आतल्या टोकाला आलेली घाण भरती-ओहोटीने लवकर बाहेर पडत नाही. त्यात 1960 च्या दशकापासून वाढलेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, पुलांचे खांब, भराव, गाळ. गुलाबी थव्याचं छायाचित्र पाहून खाडी निरोगी आहे असा समज करून घेणं, ही आपली सर्वांत मोठी फसगत ठरेल.

इथे मला कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचा दाखला द्यावासा वाटतो. माँटेरेच्या कॅनरी रोवर सार्डिन मासे डब्यांत भरणारे कारखाने होते. बेसुमार मासेमारीनंतर 1940 च्या दशकाच्या अखेरीस सार्डिन कोसळले आणि एकेक कारखाना बंद पडला. शेवटचा 1973 मध्ये. त्या हॉवडेन कारखान्याच्या जागी 20 ऑक्टोबर 1984 रोजी मत्स्यालय उघडलं. डेव्हिड आणि लुसिल पॅकार्ड या दांपत्याने त्यासाठी साडेपाच कोटी डॉलर दिले. कल्पना तिथल्या सागरी जीवशास्त्रज्ञांची होती, आणि त्यांचा आग्रह एकच: आपल्या उपसागरात जे आहे तेच दाखवायचं. दूरदेशीचे रंगीत मासे नकोत. लोक येतील का, अशी शंका घेतली गेली असेलही, पण लोक आले, आणि चाळीस वर्षं येत आहेत. तिथली 28 फूट उंच टाकी म्हणजे केल्प या महाकाय समुद्रवनस्पतीचं जिवंत जंगल.

माँटेरेची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र टाकीच्या उंचीत नाही, नळात आहे. टाक्यांत उपसागराचंच पाणी खेळवलं जातं. दिवसा पाहुण्यांना स्वच्छ दिसावं म्हणून ते गाळून घेतात. रात्री मात्र न गाळताच सोडतात. त्या कच्च्या पाण्याबरोबर बीजाणू येतात, अळ्या येतात, प्राण्यांचं अन्न येतं आणि टाकीच्या भिंतींवर कुणीही न लावलेले जीव वाढू लागतात. समुद्र स्वतःच मत्स्यालयात येऊन राहतो. उलट दिशेनेही देवाणघेवाण होते. आईपासून तुटलेली समुद्री पाणमांजराची पिल्लं तिथल्या माद्या दत्तक घेऊन वाढवतात आणि ती समुद्रात सोडली जातात. जवळच्या एल्कहॉर्न स्लू खाडीत पाणमांजरांची जी वाढ झाली, तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा या दत्तक पिल्लांचा आणि त्यांच्या संततीचा असल्याचं 2019 च्या अभ्यासात दिसलं. फरच्या व्यापाराने हा प्राणी संपलाच असं मानलं जात होतं; 1938 साली बिग सरच्या किनाऱ्यावर पन्नासेक उरलेले दिसले, तिथून हा प्रवास.

आता हीच कसोटी ठाणे खाडीला लावा. खाडीचं पाणी रात्री न गाळता टाकीत सोडलं तर टाकीतले मासे सकाळी जिवंत असतील का? या प्रश्नाचं उत्तर ज्या दिवशी बेधडक हो असं देता येईल, त्या दिवशी आपली निसर्ग केंद्रं यशस्वी झाली. तोवर प्रत्येक टाकीला बाहेरून आणलेल्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्यावर जगावं लागेल.

मत्स्यालयाची हौस आपल्याला नवी नाही. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं. एका पारशी दात्याच्या देणगीतून ते उभं राहिलं. गावाकडून मुंबईला आलेल्या पाहुण्यांना राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला दाखवल्याशिवाय यजमानाचं समाधान होत नसे. 2015 साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा खुलं झालं, 12 फुटी पारदर्शक बोगद्यासह. आता ते बंद आहे. इमारत धोकादायक ठरली. नव्या, आंतरराष्ट्रीय दर्जाच्या मत्स्यालयाच्या घोषणा होत राहतात, वरळी आणि भायखळा ही नावं वेळोवेळी पुढे येतात. रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या आधाराने, मत्स्यालय आणि देवमाशाचा सांगाडा आहे. पर्यटक तो पाहून चकित होतात आणि पुढे गणपतीपुळ्याला जातात.

नवं मत्स्यालय होणार असेल तर त्यात काय असावं, हे आताच बोलायला हवं. अरोवाना आणि पिराना जगभर कुठेही दिसतात. जिताडा कुठे दिसतो? रायगडच्या पाहुणचारातला हा मानाचा मासा नर म्हणून आयुष्य सुरू करतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हे टाकीसमोर उभं राहून ऐकलेलं मूल ती गोष्ट जन्मभर विसरणार नाही. चिंबोरी कात टाकते तेव्हा जुन्या कवचातून सगळे पाय कसे सोडवून घेते, बोय उड्या का मारते, कालवं खडकाला कशी धरून राहतात, एवढ्यावर एक अख्खं दालन भरेल. आणि खडकाळ किनाऱ्याचं वेगळं. 2017 पासून प्रदीप पाताडे, अभिषेक जमालाबाद आणि सिद्धार्थ चक्रवर्ती यांनी सुरू केलेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमात सामान्य मुंबईकर ओहोटीला हाजीअली, कार्टर रोड, जुहूच्या किनाऱ्यावर जातात आणि ऑक्टोपस, समुद्रगोगलगाई, समुद्रफुलं पाहून येतात. हाजीअली-वरळीच्या खडकांवर तर प्रवाळ आहेत. सागरी किनारा मार्गासाठी 2020 साली त्यांच्या 18 वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा कित्येक मुंबईकरांना आपल्या दारात प्रवाळ असल्याचं पहिल्यांदा समजलं. काढून नेताना ओळख व्हावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

खाडीपुढची संकटं पुढच्या काळात कमी होणार नाहीत. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू शिवडीच्या पाणथळीवरून गेला. बुलेट ट्रेनच्या 21 किलोमीटर बोगद्यापैकी 7 किलोमीटर खाडीच्या तळाखालून जातो. नेरूळच्या डीपीएस तलावात भरतीच्या पाण्याची वाट बंद झाली आणि 2024 मध्ये तिथे रोहित मरू लागले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरच्या आकाशात विमानाच्या धडकेने सुमारे 40 रोहित एका रात्रीत गेले. त्या दोन्ही बातम्यांनी लोक हळहळले, आणि नवी मुंबईतली सामान्य माणसं तलावाच्या काठावर हातात हात धरून उभी राहिली. ती उभी राहिली, कारण त्यांनी ते पक्षी रोज पाहिले होते. माहितीफलक वाचून कुणी रस्त्यावर उतरत नाही.

ऐरोलीच्या केंद्राकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. एक, खाडीच्या पाण्याची रोजची अवस्था दारातच ठळक फलकावर लिहावी: विरघळलेला प्राणवायू किती, क्षार किती. पक्ष्यांच्या आकड्यासोबत पाण्याचाही आकडा मुलांना वाचता आला पाहिजे. दोन, खाडीकाठच्या प्रत्येक महापालिका शाळेतल्या मुलाला वर्षातून एकदा तरी इथे विनामूल्य आणावं, आणि माहिती सांगायला कोळीवाड्यातल्या जाणत्यांना मानधन देऊन बसवावं. आणि महापालिकांकडून एकच: सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय खाडीत सोडू नका. बाकीचं काम खाडी स्वतः करील.

वाचकहो, दिवाळीनंतर रोहित यायला लागतात आणि मे अखेरीपर्यंत राहतात. ऐरोली स्थानक ट्रान्स हार्बर मार्गावर आहे, तिथून केंद्र रिक्षाच्या अंतरावर. मुलांना घेऊन जा. होडीची जागा आधी ठरवा आणि भरती-ओहोटीची वेळ पाहूनच घरातून निघा.